तेराव्या फेरीचा प्रश्न

मुष्टियुद्धातील वजनी गटांच्या मुळाशी एक उघड कबुली आहे. कौशल्य, धैर्य आणि सराव ही तिन्ही कितीही मोठी असली, तरी एका मर्यादेपलीकडे ती शरीराच्या वजनाला पुरी पडत नाहीत, आणि म्हणून माणसांना आधी काट्यावर उभे करूनच रिंगणात सोडावे लागते. तरीही पैशासाठी, कीर्तीसाठी किंवा निव्वळ हौसेखातर हलक्या गटातला योद्धा वरच्या गटात चढतो, आणि तेव्हा त्याच्या हाती असलेली साधने ठरलेली असतात. पायांची चपळाई, अंतराचे अचूक भान, जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ आणि झटपट ठोसा, आणि ठोसा लागताक्षणी समोरच्याच्या टप्प्याबाहेर निसटण्याची सवय ही ती साधने होत. या साधनांच्या बळावर फेऱ्यांमागून फेऱ्या पदरात पाडत असलेला हा योद्धा एखाद्या क्षणी अचानक पाय रोवून उभा राहतो आणि आपल्याहून जड माणसाशी ठोशाला ठोसा असा व्यवहार सुरू करतो, हे या खेळाच्या इतिहासात इतक्यांदा घडले आहे की त्याची वासलात ‘चूक’ या एका शब्दात लावता येत नाही. हिताचा मार्ग ठाऊक असलेला, किंबहुना त्याच मार्गावरून यशस्वीपणे चाललेला माणूस तो मार्ग सोडतो तेव्हा त्याच्या बुद्धीचे नेमके काय झालेले असते, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे, आणि रिंगणात तो इतर कोठल्याही ठिकाणापेक्षा उघड्यावर येतो.

या प्रकाराचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण १८ जून १९४१ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर घडले. जगज्जेता हेवीवेट जो लुईस आणि पिट्सबर्गचा बिली कॉन यांच्यातील ती लढत पंधरा फेऱ्यांची होती. जाहीर झालेल्या आकड्यांनुसार लुईसचे वजन १९९.५ पौंड आणि कॉनचे १७४ पौंड, म्हणजे दोघांत सुमारे साडेअकरा किलोंचे अंतर होते, आणि कॉनचे खरे वजन याहूनही कमी होते असे पुढे सांगितले गेले. लाइट हेवीवेट म्हणजे १७५ पौंडांपर्यंतच्या गटाचे अजिंक्यपद सोडून कॉन या लढतीसाठी वर चढला होता. पहिल्या काही फेऱ्यांनंतर त्याने लुईसला आपल्या चालीवर नाचवायला सुरुवात केली आणि बाराव्या फेरीत तर डाव्या हुकने, म्हणजे कोपरात वाकवलेल्या हाताच्या आडव्या ठोशाने, लुईसला इतके हलवले की जगज्जेत्याला तोल सावरण्यासाठी त्याला मिठी मारावी लागली. बारा फेऱ्यांअखेर तिघा परीक्षकांपैकी दोघांच्या नोंदीत कॉन पुढे होता आणि तिसऱ्याच्या नोंदीत बरोबरी होती. उरलेल्या तीन फेऱ्यांपैकी एखादी जरी त्याच्या नावावर लागली असती, तरी ते दोघे त्याला विजयी ठरवणार होते. कोपऱ्यात बसलेल्या जॉनी रे या व्यवस्थापकाने त्याला लांब राहण्याचा सल्ला दिला. कॉनने आपण लुईसला लोळवणार असल्याचे सांगितले, तो तेराव्या फेरीत समोरासमोर भिडला, आणि फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना चटईवर पडल्या पडल्या दहा अंक मोजले गेले.

या घटनेचा विचार करण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लहान चणीच्या योद्ध्याने जवळ जाऊन लढणे म्हणजे डावपेच सोडणे नव्हे. अनेकदा तोच त्याचा डावपेच असतो. ज्याचे हात आखूड आहेत, त्याला दूर उभे राहून ठोसे खाण्याखेरीज काही करता येत नाही, पण तो समोरच्याच्या छातीला छाती लावून उभा राहिला की लांब हातांना फिरायला जागा उरत नाही आणि त्यांचा जोर आपोआप घटतो. रॉकी मार्सियानो आणि जो फ्रेझर हे दोघे हेवीवेट याच गणितावर मोठे झाले, आणि फ्रेझरने ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उंच, लांब हातांच्या मुहम्मद अलीला हरवले तेही अंगाशी भिडूनच. कॉनचा प्रश्न वेगळा ठरतो, कारण तो या घडणीचा योद्धा नव्हता; त्याचे बहुतेक विजय गुणांवर मिळालेले होते आणि भिडण्यात त्याच्या हातचे सर्व काही जाणार होते. थकव्याचा मुद्दाही येथे लक्षात ठेवायला हवा. पायांवर खेळणे हा सर्वांत खर्चिक खेळ असल्यामुळे उत्तरार्धातल्या फेऱ्यांत पाय जड होतात आणि योद्धा नाइलाजाने उभा राहतो, तेव्हा निर्णय बुद्धीने घेतलेला नसून पोटऱ्यांनी घेतलेला असतो. कॉनच्या बाबतीत मात्र हे स्पष्टीकरण लागू पडत नाही, कारण बाराव्या फेरीत दमल्याची चिन्हे दिसत होती ती लुईसच्या अंगावर.

प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’ या संवादात सॉक्रेटिसने मांडलेली भूमिका अशी की जाणूनबुजून कोणीही वाईट मार्ग धरत नाही. जो तो धरतो त्याला त्या क्षणी तोच चांगला वाटत असतो, म्हणून ज्याला आपण मनाचा दुबळेपणा म्हणतो तो खरे पाहता हिशेबातला दोष, म्हणजेच अज्ञान असते. कॉनच्या बाजूने ही भूमिका बऱ्यापैकी उभी करता येते. सप्टेंबर १९४० मध्ये त्याने बॉब पॅस्टर या हेवीवेटला तेराव्याच फेरीत बाद केले होते, बाराव्या फेरीत लुईस डगमगलेला त्याने स्वतः पाहिला होता, आणि परीक्षकांच्या वह्यांत काय लिहिले आहे हे त्याला त्या वेळी कळण्याचा मार्ग नव्हता. एवढा पुरावा हाती असताना आता घाव घालावा असे वाटणे हा वेडेपणा म्हणता येत नाही. तथापि या भूमिकेत एक अडचण राहते. बारा फेऱ्यांचा पुरावा एका पारड्यात आणि एका हुकचा पुरावा दुसऱ्या पारड्यात असताना दुसरे पारडे खाली गेले ते कशामुळे, याचे उत्तर ‘अज्ञान’ या शब्दातून मिळत नाही, कारण वजन चुकीचे मोजले गेले एवढेच तो शब्द सांगतो, काट्यावर कोणाचा हात होता हे सांगत नाही.

तो हात शोधण्याचे काम ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखीय नीतिशास्त्र’ या ग्रंथाच्या सातव्या भागात केले. ज्ञान असूनही त्याविरुद्ध वागण्याला तो ‘अक्रासिया’ म्हणतो, ज्याचा अर्थ स्वतःवर ताबा नसणे, आणि तिचे तो दोन प्रकार करतो, एक उपभोगाच्या इच्छेतून येणारी आणि दुसरी ‘थ्यूमोस’मधून येणारी. थ्यूमोस म्हणजे मानापमानाची जाण असलेला आवेश, ज्यात राग, ईर्ष्या आणि स्वाभिमान एकत्र नांदतात. आवेशाने घसरणारा माणूस उपभोगापायी घसरणाऱ्यापेक्षा कमी लाजिरवाणा, असे ॲरिस्टॉटल म्हणतो, आणि त्याचे कारण असे देतो की आवेश बुद्धीचे ऐकतो, फक्त पुरते ऐकत नाही. घाईत असलेला नोकर धन्याचे वाक्य संपण्याआधीच धावत सुटतो आणि मग भलतेच करून येतो, तसे त्याचे होते. बाराव्या फेरीत कॉनच्या बुद्धीने ‘हा डगमगला आहे’ एवढे सांगितले असावे, आणि ‘म्हणून आता अधिकच लांब राहा, तो जोखीम घेऊन पुढे येईल’ हा वाक्याचा उत्तरार्ध ऐकायला आवेश थांबला नसावा. आवेश चेतवण्यासाठी दर वेळी यशच लागते असे नाही, अपमानही तेच काम करतो. २० जून १९८० रोजी माँट्रियल येथे शुगर रे लिओनार्डने रोबेर्तो दुरानच्या आधीच्या शिवीगाळीने डिवचले जाऊन आपला हलता खेळ बाजूला ठेवला आणि दुरानला हव्या त्या पद्धतीने, जागेवर उभे राहून, लढून तो हरला. लिओनार्ड देहाने लहान नव्हता, पण यंत्रणा तीच होती. पाच महिन्यांनी न्यू ऑर्लीन्समध्ये तो पुन्हा आपल्या पायांवर खेळला आणि दुरानने आठव्या फेरीत लढत सोडून दिली.

रिचर्ड हॉल्टन या समकालीन तत्त्वज्ञाने या चर्चेत एक उपयुक्त भेद आणला आहे. त्याच्या मते मनोदौर्बल्य म्हणजे सद्यःकालीन निर्णयाविरुद्ध वागणे नसून, मोहाचा क्षण येणार हे ओळखून आधीच केलेला निश्चय तो क्षण आल्यावर अवाजवी सहजपणे बदलणे होय. हा भेद कॉनला चपखल बसतो, कारण तेराव्या फेरीत शिरताना तो स्वतःच्या मताविरुद्ध वागत नव्हता, त्याचे मतच एका मिनिटाच्या विश्रांतीत बदलले होते. लुईसशी भिडायचे नाही हा निश्चय नेमका अशाच मिनिटासाठी केलेला असतो. निश्चयाची गरज मोहाच्या वेळीच असते, आणि नेमक्या त्याच वेळी तो फेरविचाराला खुला आहे असे वाटू लागते.

येथपर्यंतची सर्व उत्तरे एक गोष्ट गृहीत धरून चालतात, की कॉनला हवे होते ते विजेतेपद, आणि भिडणे हा त्या उद्दिष्टाकडे जाण्याचा चुकीचा रस्ता होता. या गृहीतकावरच शंका घेण्यास ॲरिस्टॉटलच्याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागात जागा आहे. तेथे शौर्यासारख्या दिसणाऱ्या पण शौर्य नसलेल्या गोष्टींची यादी देताना तो अनुभवी, भाडोत्री सैनिकांचा उल्लेख करतो. शस्त्रविद्या येत असल्यामुळे ते निर्धास्त असतात, म्हणून शूर दिसतात, पण संकट आपल्या विद्येपेक्षा मोठे आहे हे कळताच सर्वांआधी पळतात, तर शिक्षण नसलेले नागरिक लाजेखातर जागेवर उभे राहून मरतात. या निरीक्षणाचा एक कडवट अर्थ कौशल्यावर जगणाऱ्या प्रत्येक लहान योद्ध्याला लागू होतो. बारा फेऱ्या तो ज्याला टाळत आला, त्याला टाळण्यात विद्या होती यात शंका नाही, पण धैर्य होते की नाही हे त्या बारा फेऱ्यांनी सिद्ध झालेले नसते, आणि ते इतरांपेक्षा त्याला स्वतःलाच सिद्ध झालेले नसते. विद्या टाकून दिल्याशिवाय धैर्य आपले स्वतःचे आहे की विद्येकडून उसने घेतलेले, हे कळण्याचा उपाय नाही. या दृष्टीने पाहिले तर तेरावी फेरी ही बुद्धीची चूक न राहता एक जीवघेणी परीक्षा ठरते, आणि तिचा निकाल गुणफलकावर लागत नाही. ॲरिस्टॉटलला ही परीक्षा मान्य झाली नसती, कारण त्याच्या लेखी खरे शौर्य विवेकाच्या मापातच राहते; पण परीक्षा अमान्य करणे आणि ती देण्याची ओढ नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या ओढीचे सर्वांत नेमके विश्लेषण ग्रीक परंपरेपेक्षा भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सापडते, आणि ते श्लोकांच्या क्रमात दडलेले असल्यामुळे सहसा नजरेतून सुटते. माणूस इच्छा नसतानाही, जणू कोणी बळेच जुंपल्यासारखा पाप का करतो, हा अर्जुनाचा प्रश्न त्या अध्यायाचा छत्तिसावा श्लोक आहे, आणि रजोगुणातून उपजलेले काम व क्रोध हे त्याचे कारण, असे उत्तर सदतिसाव्यात येते. ज्ञानेश्वरांनी या दोन विकारांच्या वर्णनाला दिलेला विस्तार मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. पण प्रश्नाच्या लगेच आधीचा, पस्तिसावा श्लोक स्वधर्माचा आहे. आपला धर्म ‘विगुण’ म्हणजे उणा असला तरी चांगला आचरलेल्या परधर्मापेक्षा तो श्रेयस्कर आणि परधर्म भयावह, असा त्याचा आशय. हे दोन श्लोक एकापाठोपाठ येतात याला अर्थ आहे. आपली वाट सोडून दुसऱ्याची वाट धरणे आणि बळेच जुंपल्यासारखे वागणे, ही एकाच घटनेची दोन अंगे म्हणून वाचता येतात. परधर्माचे आकर्षण हे कामाचे, म्हणजे जे आपल्यापाशी नाही ते असावे या ओढीचे रूप आहे, आणि ती ओढ अडवली गेली की क्रोध होते. कॉनचा स्वधर्म ‘विगुण’ होता हे उघड आहे. त्यात एका ठोशाने माणूस आडवा पाडण्याचे वैभव नव्हते, पळण्याचा आरोप मात्र कायमचा चिकटलेला होता. बारा फेऱ्या त्याने जे केले त्याचे प्रत्येक पाऊल ‘मी लहान आहे’ अशी कबुली देत होते. भिडणे म्हणजे ती कबुली मागे घेणे होते. वरकरणी हे बंड दिसते; पण मोठेपणाचे माप समोरच्याचेच, ठोशाचेच, खरे असे मान्य करून केलेले हे बंड असल्यामुळे त्यात लहान माणसाची खरी शरणागती दडलेली आहे. गुणांवर जिंकणे त्याला अपुरे वाटले, याचा अर्थ लुईसला हरवण्यापेक्षा लुईस होणे त्याला अधिक हवे होते.

लुईस ज्या पद्धतीने जिंकत असे ती पद्धत तरी कशातून आली होती, हे पाहिले की या ओढीतला विपर्यास आणखी स्पष्ट होतो. गोऱ्या परीक्षकांच्या निकालावर काळ्या योद्ध्याने विसंबू नये, निकाल आपल्या मुठीनेच लावावा, असे प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न यांनी लुईसला सुरुवातीपासून बजावले होते, आणि रिंगणाबाहेर त्याने कसे वागावे, हरलेल्या गोऱ्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हसू नये इथपर्यंतचे नियम त्याच्या व्यवस्थापकांनी घालून दिले होते. म्हणजे रिंगणात अंगाने मोठा असलेला हा माणूस अमेरिकेच्या समाजात लहानच होता, आणि एका ठोशात सोक्षमोक्ष लावणे ही त्याची चैन नसून निरुपायाने कमावलेली सवय होती. परीक्षकांवर विसंबण्याची सोय कॉनपाशी होती. ती नाकारून त्याने जे वैभव म्हणून मागितले, ते दुसऱ्याच्या लेखी गरज म्हणून आलेले होते.

स्वधर्माची भाषा अशी सरळपणे वापरताना मात्र सावध राहावे लागते. या शब्दाच्या इतिहासात वर्णव्यवस्थेचे ओझे आहे, आणि गीता म्हणजे प्रतिक्रांतीचे तात्त्विक समर्थन, ही बाबासाहेब आंबेडकरांची टीका याच ओझ्यावर बोट ठेवते. लहानाने आपल्या लहानपणाला साजेसे वागावे हा उपदेश मोठ्यांना नेहमीच सोयीचा असतो, आणि तो झुगारून समोरासमोर उभे राहण्यात एक निर्विवाद माणुसकी आहे. हेगेलने १८०७ च्या ‘चैतन्याचे आविष्कारशास्त्र’ या ग्रंथात दाखवले त्याप्रमाणे दुसऱ्याकडून मान्यता मिळवण्यासाठी माणूस प्राणही पणाला लावतो, आणि जो लावत नाही त्याच्या वाट्याला दास्य येते. या आक्षेपाला देता येणारे उत्तर पुरते समाधान देणारे नाही, पण काही अंशी टिकते. येथे स्वधर्म म्हणून जो गणला तो जन्माने लादलेला नव्हता. कॉनने तो वर्षानुवर्षांच्या तालमीतून स्वतःच्या देहात रुजवला होता, आणि बारा फेऱ्या त्याच्या जोरावर तो मोठ्याला लहान करत होता. कोणी लादलेल्या मर्यादा ओलांडणे आणि स्वतः घडवलेली शक्ती टाकून देणे यांत फरक आहे. अडचण एवढीच की आतून पाहताना दोन्ही सारखेच वाटतात.

मराठी इतिहासात याच कोड्याचे एक रूप फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत दिसते. सरनोबत प्रतापराव गुजर हे खुल्या मैदानात कधी उतरावे आणि कधी उतरू नये हे पुरेपूर जाणणारे सेनापती होते. १६७२ च्या साल्हेरच्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. उमराणीजवळ कोंडीत सापडलेल्या आदिलशाही सरदार बहलोलखानाला त्यांनी सोडून दिले, त्याबद्दल शिवाजी महाराजांनी त्यांना कठोर शब्दांत दोष दिला, आणि खान पुन्हा चालून आल्यावर परंपरेनुसार ते फक्त सहा स्वारांसह त्याच्या फौजेवर तुटून पडले. कॉन आणि प्रतापराव यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल, कारण एकाला आणखी काहीतरी मिळवायचे होते आणि दुसऱ्याला गमावलेला विश्वास परत मिळवायचा होता. पहिल्यात काम आहे, दुसऱ्यात लाज. तरी एक धागा समान आहे. दोघांनीही जे साधन टाकले ते नेमके असे होते की त्याच्या वापराने त्यांचे शौर्य शंकेला पात्र ठरत होते. खानाला सोडणे हा विवेकाचा निर्णय असू शकतो, पण त्यावर भ्याडपणाचा किंवा त्याहून वाईट संशयाचा डाग पडू शकतो, आणि विवेकाला हा डाग धुता येत नाही, कारण त्याच्यापाशी दाखवायला जखम नसते. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे नेसरी घराघरांत पोचली, साल्हेर पोचले नाही, हेही नोंदवण्यासारखे आहे. लोकस्मृती हिशेबी विजयापेक्षा बेहिशेबी मरणाला अधिक जागा देते, आणि लढणाऱ्याला हे लढतानाच ठाऊक असते.

पोलो ग्राउंड्सवर त्या रात्री पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक होते, आणि बाराव्या फेरीनंतर त्यांना हवे होते ते गुण खचित नव्हेत. लढतीनंतर कॉनने आपल्या आयरिश रक्ताला दोष देत, थोडा मूर्खपणा करता येणार नसेल तर आयरिश असण्याचा उपयोग काय, अशा आशयाचा विनोद केला. त्या विनोदात पश्चात्तापाइतकाच अभिमान आहे, आणि ॲरिस्टॉटलच्या वर्गीकरणात ही गोष्ट बसवणे कठीण जाते, कारण अक्रासियाने घसरणारा माणूस पस्तावतो असे तो मानतो. दुसरी लढत युद्धामुळे लांबत जाऊन १९ जून १९४६ रोजी यँकी स्टेडियमवर झाली. त्या वेळी कॉनने कोणताही मूर्खपणा केला नाही. तो लांब राहिला, भिडला नाही, पण पाच वर्षांत त्याचे पाय मंदावले होते आणि आठव्या फेरीत लुईसने त्याला बाद केले. एवढ्या शिस्तीने लढलेल्या त्या आठ फेऱ्यांवर कोणी फारसे लिहिलेले नाही.